मुख्य निष्कर्ष सोडून सगळं कळलं

नाही, पण मला एक सांगा… माणसाची पाठ दुखू नये का? सरळ प्रश्न आहे! दिवसभर दुकानात उभा राहून घरी आलो, येताना बटाट्याची ही एवढी पिशवी, ती दारात टेकवली आणि म्हणालो, "अगं, पाठ भरून आलीय, त्यामुळे वाकवत नाही, म्हणून आता ही पिशवी काही माझ्यानं आत नेववणार नाही." बस्स! एवढंच म्हणालो! कुठल्याही सरळ घरात ह्याच्यावर काय होतं? बायको म्हणते, "अगंबाई, बसा तुम्ही," नाहीतर म्हणते, "रोजचंच आहे तुमचं." दोन्ही चालतं! संसार आहे! पण आमची ही… हिनं चष्मा कपाळावर चढवला, चुकलेल्या गणिताकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "'वाकवत नाही' हा उपनिष्कर्ष. 'नेववणार नाही' हाही उपनिष्कर्षच. अहो, ते सगळं ठीक आहे… पण मुख्य निष्कर्ष कुठला?"

आता मुख्य निष्कर्ष काय असणार? 'तू ने'! पण ते मी बोललोच नव्हतो! शहाणा नवरा ते बोलत नाही, ते हवेत सोडून देतो आणि सोफ्यावर बसतो. तर ही आनंदानं ओरडली, "न बोललेला मुख्य निष्कर्ष!" आणि टाळी वाजवली हो! टाळी वाजवली आणि आत निघून गेली. पिशवी दारातच. शेवटी मीच नेली… पाठीसकट.

हे असं चाललंय आमच्याकडे.

सुरू कसं झालं, तर आमची ही शाळेत भूगोल शिकवायची. नद्या, डोंगर, वारे, सागरी प्रवाह… अर्ध्या गावाला पूर्व-पश्चिम हिनं शिकवलीय. झाली निवृत्त. आता निवृत्त माणूस काय करतो? आराम करतो! ही? हिनं पहिल्या आठवड्यात घरातली सगळी कपाटं लावली आणि दुसऱ्या आठवड्यात लावलेली कपाटं पुन्हा लावली, माझे मोजे अशा ठिकाणी गेले की शोधायला अक्षांश-रेखांश लागावेत! मग एक दिवस कोपऱ्यावरच्या वाचनालयात गेली, तिथे संध्याकाळचे वर्ग चालतात. हिला हवं होतं भरतकाम. भरतकाम भरलेलं! खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, तर्कशास्त्रात जागा आहे." असणारच! तर्कशास्त्रात जागा नसेल तर कुठे असेल? वर्गात कोण कोण, तर ही, एक निवृत्त पोस्टमन ज्यांना घरात टीव्हीचा रिमोट मिळत नाही, आणि एक आई, जिचं पोर शेजारच्या खोलीत चित्रकला शिकतं म्हणून तिला तेवढा वेळ कुठेतरी बूड टेकायचं असतं. झाला वर्ग! शिकवायला कॉलेजातल्या एक बारीक आवाजाच्या बाई. आम्ही घरात त्यांना 'तर्कबाई' म्हणतो.

पहिल्या दिवशी ही घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता सुरू. "अहो, ऐका. 'ढग आलेत, म्हणून पाऊस पडेल, म्हणून छत्री घ्या.' ह्यात निष्कर्ष किती?"

मी म्हणालो, "ढग आलेत? खिडक्या लावल्यास का?"

"दोन!" ही म्हणाली. "'पाऊस पडेल' हाही निष्कर्ष, कारण तो ढगांवरून काढलाय. पण तो तिथे थांबत नाही, तो पुढच्याला टेकू देतो. म्हणून तो उपनिष्कर्ष. 'छत्री घ्या' हा मुख्य. ज्याला बाकीचे सगळे टेकू देतात आणि जो स्वतः कोणालाच टेकू देत नाही तो मुख्य."

मी म्हणालो, "म्हणजे आमचा दादा!"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तुम्ही त्याला बघितलं असतंत तर तुम्हीही हेच म्हणाला असतात. घरात सगळे त्याच्यासाठी उभे आणि तो आपला बसलेला. पंखा लावायचा असेल तरी म्हणणार, "उकडतंय नाही रे?" आणि बघत बसणार कोण उठतंय ते. वहिनी गेल्यापासून तर बिचारा एकटाच असतो, आता पंखा कोण लावतं देव जाणे.

बरं, तर हिचं पुढे चालूच. "आणि गंमत म्हणजे 'म्हणून' हा शब्द दोघांनाही लागतो, मुख्यालाही आणि उपालाही. तेव्हा 'म्हणून' दिसला की झडप घालायची नाही. उलटं करून बघायचं. 'पाऊस पडेल म्हणून छत्री घ्या', शहाण्यासारखं वाटतं. 'छत्री घ्या म्हणून पाऊस पडेल', वाटतं का?"

मी म्हणालो, "माझ्या बाबतीत छत्री घेतली की पाऊस पडतच नाही."

त्याकडे साफ दुर्लक्ष! "आणि मुख्य निष्कर्ष शेवटीच येतो असंही नाही. 'छत्री घ्या, कारण पाऊस पडेल, कारण ढग आलेत.' आधी आला तरी मुख्य तोच."

"हे बरं आहे," मी म्हणालो, "आधीच सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं."

तेव्हा ही काय म्हणाली माहितीये? अगदी चप्पल काढता काढता, सहज. म्हणाली, "तसं कोणी सांगत नाही हो. ज्याला समोरच्याचा होकार हवा असतो, तो मुख्य निष्कर्ष शेवटी ठेवतो." आणि मी… मी मान डोलावली! तुम्हाला सांगतो, आमच्या घराण्यात माना फार छान डोलतात.

त्यानंतर काही विचारू नका! दूधवाला म्हणतो, "गाडी पंक्चर झाली म्हणून उशीर झाला म्हणून दूध नासलं," तर ही दारातच, "भाऊ, ते सगळं ठीक आहे, पण मुख्य निष्कर्ष कुठला?" दूधवाला बिचारा म्हणतो, "उद्या देतो बाई!" आणि पळतो. आणि लागण कशी असते बघा… मलाही चढलं! माझं चष्म्याचं दुकान आहे, हे सांगायचं राहिलंच. तर एक काकू आल्या, तावातावानं, श्वास न घेता, "अहो, ही तुमची दांडी कानाला टोचते, टोचते म्हणून मी चष्मा काढून ठेवते, काढून ठेवते म्हणून मला दिसत नाही, दिसत नाही म्हणून काल जिन्यात मी सुनेच्या आईला सून समजून नको ते बोलून बसले, म्हणून आता घरात माझ्याशी कोणी बोलत नाही!"

आधीचा मी असतो तर काय केलं असतं? दांडी गरम करून वाकवली असती, संपला विषय! पण नाही… मी काउंटरवर कोपर टेकलं, चेहरा तर्कबाईंसारखा केला आणि म्हणालो, "काकू, ते सगळं ठीक आहे… पण मुख्य निष्कर्ष कुठला?"

"म्हणजे?"

"म्हणजे 'दिसत नाही' हा झाला तुमचा उपनिष्कर्ष…"

"मुख्य निष्कर्ष असा की तुम्ही बावळट आहात!" काकू म्हणाल्या, आणि समोरच्या दुकानात गेल्या! समोरच्या! त्यानं हसत हसत दांडी वाकवली, मला काचेतून दिसत होतं. लांबचं मला फार चांगलं दिसतं.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हटलं निदान सहानुभूती मिळेल. ही विचार करून म्हणाली, "'तुम्ही बावळट आहात' हे त्यांच्या बोलण्यातून निघत नाही हो. ते तुमच्या बोलण्यातून निघतं."

आता मुद्द्यावर येतो. नाही नाही, येतोच आहे… मुद्द्यावर यायलाच मला एवढा वेळ लागतो ही तर ह्या घरातली मूळ तक्रार आहे.

एक दिवस ही मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मागची खोली म्हणजे माझं साम्राज्य! जुन्या फ्रेमांची खोकी, काच घासायचं बंद पडलेलं यंत्र, दुकानाची आधीची पाटी, आणि एक तीन पायांची खुर्ची जिला मी चौथा पाय लावणार आहे. ही म्हणाली, "अहो, ह्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मुलगी आली तरी बिचारी बाहेर झोपते. म्हणून ही खोली असून नसल्यासारखी आहे. म्हणून ती रिकामी करायला हवी."

मी ओरडलोच, "थांब! सापडला! 'असून नसल्यासारखी' हा उप… आणि 'रिकामी करायला हवी' हा मुख्य!"

हिनं माझ्याकडे बघितलं. हसली. म्हणाली, "एवढ्या वाक्यांपुरता, हो."

एवढ्या वाक्यांपुरता! आता हे शब्द ऐकून माणसानं सावध व्हावं की नाही? वाक्यं जिथे संपतात तिथे निष्कर्ष मुख्य वाटतोच, पुढे वाक्यं वाढली की तोच उप होतो, हे मला हिनंच शिकवलं होतं! पण मी कसला सावध होतो! मला वाटलं, मला निष्कर्ष सापडला, मी जिंकलो. आणि जिंकलेल्या माणसानं दोन दिवस खोकी वाहिली. खुर्ची गेली. यंत्र गेलं. खोलीला खिडकी आहे हे मला तेव्हा कळलं.

मग आठवड्याभरानं दुसरं. "अहो, तुम्हाला स्वतःपुरतं काही शिजवता येत नाही. मोठ्या माणसाला स्वतःपुरतं शिजवता यायला हवं. म्हणून तुम्ही शिकायला हवं." मी म्हणालो, "कळलं! तू स्वयंपाकाला कंटाळलीस. हा तुझा न बोललेला मुख्य निष्कर्ष!" ही म्हणाली, "तसं समजा." आणि मी शिकलो हो! भात शिकलो, अंडी शिकलो, बटाटे तर असे शिकलो की विचारू नका… कापून, उकडून, परतून, ठेचून, बटाट्यात मी थांबतच नव्हतो! मुलीचा फोन आला, "बाबा, तुम्ही बटाटे शिकलात म्हणे! वा! म्हणजे आता आईला…" आणि ही पलीकडून जोरात खोकली. मुलगी म्हणाली, "…आईला आनंदच!" मला काय संशय यायला हवा होता? माझ्या बायकोला खोकला झालाय, असा! मी तिला गरम पाणी करून दिलं!

तिसरं… दुकान. "अहो, तुम्ही आठवड्याचे सगळे दिवस दुकान उघडता. बुधवारी तसंही कुत्रं फिरकत नाही. म्हणून बुधवारी उघडण्यात अर्थ नाही. म्हणून बुधवारी बंद ठेवावं." तुम्हाला खोटं नाही सांगत, मला गलबलून आलं. मला वाटलं, हिला माझ्याबरोबर वेळ घालवायचाय! एवढ्या वर्षांनी! मी लाजलो, ह्या वयात लाजलो! बुधवारची पाटी रंगवली आणि स्वतःसाठी एक शर्ट घेतला, बारीक चौकड्यांचा. आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन. दादा स्वतःहून फोन कधी करत नाही, वाट बघतो! तर म्हणाला, "काय रे, त्या तुमच्या मागच्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे?" आणि मी काय विचारलं? 'तुला कशाला हवंय' असं विचारलं? मी अभिमानानं म्हणालो, "पूर्वेला! आणि काय छान वारा येतो म्हणून सांगू!"

मी म्हणजे… नाही, काकू बोलल्या ते खरंच आहे.

मग तो रविवार. दुपारची वेळ. मी ओट्याशी उभा, कढईत बटाटे, हातात उलथणं. ही स्टुलावर येऊन बसली. म्हणाली, "अहो, ऐका हं. मध्ये बोलू नका."

"बोल ना."

"तुम्हाला आता स्वतःपुरतं शिजवता येतं."

"दोघांपुरतं येतं!"

"चांगलंच आहे. मागच्या खोलीत दादा राहायला येताहेत, त्यांच्याशी बोललेय मी. त्यांनाही तिकडे एकट्यानं बरं वाटत नाही. म्हणून तुम्ही उपाशीही राहणार नाही आणि एकटेही पडणार नाही. बुधवारी दुकान बंद असतं, आणि डोंगरापलीकडे सकाळी बस जाते ती संध्याकाळी परत येते. म्हणून आठवड्यातून एकदा भेट होईल."

मी म्हणालो, "कोणाची?"

"आपली."

"आपली तर रोज होते!"

हिनं पदर नीट केला. परीक्षेचा निकाल सांगायच्या आधी बाई करतात तसा. "तिथल्या शाळेत भूगोलाला कोणी नाही. मुलं नकाशा न बघता परीक्षा देतात. त्यांनी मला वर्षभरासाठी बोलावलंय. म्हणून मी जाणार आहे."

बटाटे लागले. मला वास आला, पण लक्ष कुठे होतं! मी इतके दिवस एकेका निष्कर्षावर झडप घालत होतो, हा मुख्य, तो मुख्य, ओरडत होतो, आणि ते सगळे एकामागून एक रांगेत उभे राहून ह्याला टेकू देत होते! खोली, बटाटे, बुधवार… आणि प्रत्येक टेकू मी माझ्या हातानं रोवला होता. खोकी वाहून! पाटी रंगवून! आणि दादाला माहीत, मुलीला माहीत, तर्कबाईंना माहीत, त्या पोस्टमननासुद्धा माहीत होतं हो! ते मला वाचनालयाबाहेर भेटले होते, तेव्हा हात हातात घेऊन म्हणाले होते, "धीर धरा." मला वाटलं, ते तर्कशास्त्राबद्दल बोलताहेत!

मग मी सुरू झालो. आता माझी पाळी होती ना! उलथणं हातातच. "तिकडे थंडी असते! थंडीत तुझे गुडघे धरतात, गुडघे धरले की तुला चालवणार नाही, म्हणून तुला शाळेतच जाता येणार नाही, म्हणून जाऊन उपयोगच नाही! आणि दादा घोरतो! तो घोरणार म्हणून मी जागा राहणार, जागा राहिलो की मला दुकानात डुलक्या येणार, डुलक्या आल्या की मी लोकांना भलतेच नंबर देणार, म्हणून अख्खं गाव खड्ड्यात पडणार! आणि ती बस! ती बस तू बघितलीयस का? तिचा आरसा दोरीनं बांधलाय! आणि तुझं ते दुधाचं भांडं मला धुता येत नाही, त्याच्या कोपऱ्यात हात जात नाही, म्हणून…"

ही सगळं ऐकत होती. गॅस तिनंच बंद केला. आणि मग हळूच, अगदी हळू म्हणाली, "अहो, ते सगळं ठीक आहे… पण मुख्य निष्कर्ष कुठला?"

तुम्हाला सांगतो, तेच वाक्य. रोज कानावर आदळणारं. दूधवाल्याला, भाजीवाल्याला, मला, भिंतीला, कोणालाही विचारलं जाणारं. पण त्या दिवशी त्याचं उत्तर गुडघ्यात नव्हतं, घोरण्यात नव्हतं, दुधाच्या भांड्याच्या कोपऱ्यात तर नव्हतंच नव्हतं. ते मला माहीत होतं. हिलाही माहीत होतं. पण एवढ्या वर्षांत असलं काही बोलायची वेळच आली नाही हो! आम्ही काय बोलतो? गॅस आला का, बिल भरलंस का, मोजे कुठायत…

मी कढईकडे बघून म्हणालो, "तू नसलीस तर मला करमणार नाही."

हिनं ह्या वेळी टाळी नाही वाजवली. मग म्हणाली, "मलाही नाही करमणार."

मला वाटलं, झालं! सुटलो! मुख्य निष्कर्ष निघाला, खटला संपला, दादाला फोन करा! मी उलथणं खाली ठेवलं. तर ही म्हणते, "पण हा खरंच शेवटचा आहे का? ह्याच्यापुढे 'म्हणून' लावून बघा."

म्हणजे ह्यालासुद्धा उप करणार! आयुष्यात एकदा माणूस मनातलं बोलला, तर त्यालाही वरचा मजला नाही, मधलीच पायरी!

"लावा की," ही म्हणाली. "'मला करमणार नाही, म्हणून…' म्हणून काय?"

म्हणून तू जाऊ नकोस! तोंडात आलं होतं. जिभेच्या टोकावर होतं! पण ही माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे. आमच्या खिडकीतून तेवढंच दिसतं. म्हणाली, "मी किती पोरांना सांगितलं असेल हो, की डोंगर ओलांडला की हवा बदलते. वारा वेगळा, माती वेगळी, ढगसुद्धा वेगळे. पोरं विचारायची, बाई, तुम्ही बघितलंय? मी म्हणायचे, पुस्तकात आहे, लिहून घ्या. नदी उगमापासून मुखापर्यंत शिकवली आणि राहिले ह्या एका गल्लीत. कधी तुमचं दुकान, कधी मुलीची शाळा, कधी सासूबाईंचं आजारपण… तक्रार नाही करत मी. पण एकदा बघायचंय. आणि बघून शिकवायचंय."

ह्यात कुठे उप नाही, कुठे टेकू नाही. नुसतं होतं, सरळ. मी दुकानात रोज लोकांना विचारतो, आता दिसतंय का, आता स्पष्ट दिसतंय का… आणि घरात एवढी वर्षं हे माणूस त्या भिंतीकडे बघत भांडी घासत होतं, ते मला दिसलं नाही. छे, तो विषय नको. चांगलं हसता हसता…

तर मी 'म्हणून' लावला. म्हणालो, "मला करमणार नाही, म्हणून… बुधवारची बस किती वाजता असते?"

हिनं उठून लागलेले बटाटे ताटात वाढले. दोघांनी खाल्ले. एकही तुकडा टाकला नाही.

मग काय, गेली! बस स्टँडवर सगळे आले होते, पोस्टमन, ती चित्रकलावाली आई पोरासकट, तर्कबाई. तर्कबाई मला बारीक आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचा युक्तिवाद फारच सुबक होता हो, मी वर्गात उदाहरण म्हणून घेतला!" म्हणजे बघा, माझा संसार आता फळ्यावर! ही खिडकीत बसली, मांडीवर जगाचा नकाशा गुंडाळून, तो अर्धा खिडकीबाहेर. बस निघाली. आरसा दोरीनंच बांधलेला होता. मी हात हलवला, म्हटलं नाकात धूळ गेली म्हणून डोळ्यात पाणी आलंय. कोणी विचारलं नव्हतं. तरी सांगितलं.

आणि घरी दादा! खुर्चीत बसून, "उकडतंय नाही रे?" मी पंखा लावला. "आज पण बटाटेच का रे?" मी म्हणालो, "हो." "नाही, म्हणजे मला चालतात," दादा म्हणाला, "पण बटाट्यानं वात होतो, वातानं झोप लागत नाही, झोप नाही लागली की मला एकटं वाटतं…" मी विचारणार होतो, ते सगळं ठीक आहे पण… नाही विचारलं. त्याचाही मुख्य निष्कर्ष मला कळला होता. अंडी केली, आणि त्याच्या शेजारी बसून खाल्ली. घोरतो मात्र असा की खिडकीतून येणारा वारा परत जातो!

पहिला बुधवार! चौकडीचा शर्ट घातला. बसमध्ये सगळा वेळ मनातल्या मनात युक्तिवाद जुळवत होतो, म्हटलं, आता मी पण तयार आहे, वर्षाचं सहा महिन्यांवर आणायचंच, मुख्य निष्कर्ष शेवटी ठेवायचा, आधी दादाची तब्येत, मग माझं वजन, मग दुधाचं भांडं… डोंगर ओलांडला. आणि हवा बदलली हो! खरंच बदलली! शेजारच्या माणसाला म्हणालो, "हवा बदलली!" तो म्हणाला, "खिडकी लावा."

शाळेत पोचलो तर ही वर्गात. गाल लाल झालेले, आवाज खणखणीत, कोण म्हणेल हिला निवृत्त! मला बघून चेहरा असा काही उजळला की मी तोंड उघडलं, म्हणालो, "अगं, ऐक, दादा…" तर ही म्हणते, "बरं झालं आलात! भिंतीला खिळा नाही. जरा हा नकाशा धरा."

धरला! चादरीएवढा नकाशा, हात वर, तोंड भिंतीकडे, नाक समुद्रात. मागून पोरं विचारताहेत, "बाई, हे कोण?" आणि ही म्हणते, "हे ना… अहो, जरा डावीकडे घ्या, वाळवंट दिसत नाहीये." अख्खा तास! माझा युक्तिवाद काखेत मुंग्या येऊन मेला.

पुढच्या बुधवारी मी शहाणपणा केला. घरून हातोडी घेतली, चांगले जाड खिळे घेतले आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. म्हटलं, "सर, परवानगी द्या, दोन मिनिटांचं काम आहे." सर भला माणूस. हातातली हातोडी काढून घेतली, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "अहो, भिंत जुनी आहे, खिळा मारला की पोपडे पडतात, पोपडे पडले की वरून विचारणा होते, म्हणून खिळ्याचं मी टाळतच होतो. आणि आता तर प्रश्नच मिटला! तुम्ही दर आठवड्याला येताच!"

मी पाणी प्यालो. म्हटलं, मुख्य निष्कर्ष आता विचारायचाच कशाला?

वेळापत्रक नवीन लागलंय त्या शाळेत. नकाशाचा तास… फक्त बुधवारी.